वर्तणूक नियम आणि पाडव्याचा मेंढा

चौकशी अधिकारी सिद्दीकी मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावरचा रंगीत फोटो उचलला, खिडकीच्या उजेडाला धरला आणि विचारलं, "ये क्या है?"

"मेंढा आहे, मॅडम," तुपे साहेब उभे राहून म्हणाले. "पुरावा क्रमांक सहा."

"वो तो दिख रहा है. पण यानं केलंय काय?"

"प्रशासनाची बदनामी, मॅडम."

मॅडमनी पुन्हा फोटोकडं पाहिलं. मेंढा खानदानी होता. शिंगांना शेंदरी रंग, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर गुलाल. आपल्यावर सरकारी दोषारोप आलेत याचं त्याला काडीचं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. इतका निर्भय चेहरा आमच्या खात्यात मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.

माझ्या शेजारी बापू कोळेकर बसला होता. मेंढा त्याच्या भावाचा, फोटो त्यानं काढलेला, आणि त्याच फोटोपायी त्याची नोकरी जायला निघालेली.

मी कोण, तर जाधव. खात्यातले लोक मला नाना म्हणतात. पाणीखात्यात मी आस्थापना शाखेचा अधीक्षक होतो. आस्थापना म्हणजे माणूस नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंतची त्याची कुंडली जिथं ठेवतात ती खोली. कोणाच्या कुंडलीत शनी कुठं बसलाय हे मला त्या माणसाच्या आधी कळायचं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. घरच्यांनाही मी बसलेला बघवेना. मग बचाव सहायक म्हणून काम सुरू केलं. सरकारी नोकरावर विभागीय चौकशी लागली की तिथं वकील सहसा चालत नाही. पण नियमपुस्तक कोळून प्यायलेला एखादा आजी-माजी कर्मचारी त्याला शेजारी बसवून घेता येतो. तो म्हणजे मी. खात्याचं पूर्ण नाव लिहीत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते.

आता बापूचं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडं धरणातून उपसलेलं पाणी उंचावरच्या टाक्यांमध्ये चढवतात. टाकीखालून जाड पाइप निघतात, त्यांना फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदीवर जमिनीखाली एक व्हॉल्व असतो. माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी त्यात घालून फिरवली की त्या गल्लीला पाणी सुटतं. चावी फिरवणारा तो व्हॉल्वमन. साहेब लोक नकाशावर पाणी देतात. नळाला पाणी देतो तो बापू.

साल दुष्काळाचं होतं. धरणात पाणी एवढं खाली गेलं होतं की मासे पायी हिंडत होते म्हणा ना. आणि शहर मात्र सुटलेलं. दक्षिणेकडच्या माळावर इतक्या झपाट्यानं प्लॉट पडत होते की सकाळी ज्वारी काढायला गेलेला माणूस संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत होता. घरं आली, बंगले आले, स्लायडिंगच्या खिडक्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. आठवड्यातून एकदा यायचं, आणि तो एकदा नेमका कधी हे कोणालाच ठाऊक नसायचं. झोन ऑफिसच्या फलकावर वेळापत्रक लागायचं, पण त्याच्यावर विसंबून कोणी बादलीसुद्धा उचलत नव्हतं.

बापूच्या वाट्याला माळावरची अशीच एक नवी कॉलनी होती. कॉलनीचा मोबाइलवर ग्रुप होता आणि त्यात बायकांनी बापूला ओढून घेतलं होतं. बापूचं शिक्षण बेताचं. टाइप करायला वेळ लागायचा, म्हणून तो बोलून पाठवायचा. बोलणं म्हणजे कसं? त्याचा बाप जन्मभर मेंढरांमागं फिरलेला, थोरला भाऊ अजून फुलंब्रीकडं कळप राखतो. माळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक घालायची घराण्याची सवय. बापूनं "मंडळी" म्हटलं की मोबाइल टेबलावरून खाली पडायचा.

एक दिवस त्यानं पाठवलं:

"मंडळी, आज पाणी नाय. टाकी भरली व्हती, खोटं कशाला बोलू? पण साहेब लोकांच्या कॉलनीला आधी सोडायचा हुकूम झालाय. त्यांची झाडं पाणी पिऊन दमली का मग तुमचा नंबर. तवर घागरी पालथ्या घाला, सावलीला बसा."

संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या शहरानं ऐकलं. रिक्षावाल्यांनी गाण्याच्या जागी लावलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात चौकट आली: "साहेबांची झाडं दमली". आणि तिसऱ्या दिवशी बापू कारणे दाखवा नोटीस हातात धरून माझ्या दारात.

"नाना, मी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग?"

"खरं बोललास म्हणून तर नोटीस आलीय, बाबा. खोट्याला खुलासा पुरतो."

मग मी त्याला वर्तणूक नियम समजावले. सरकारी नोकरानं शासनाच्या धोरणावर, निर्णयावर जाहीर टीका करायची नाही. नोकरीत कळलेली माहिती परवानगीशिवाय बाहेर द्यायची नाही. हे नियम झाले तेव्हा जाहीर म्हणजे सभा नाहीतर पेपर. आता माणूस घरात चहा पिता पिता जाहीर होतो.

बापू म्हणाला, "म्हंजी सरकारी माणसाला तोंडच नाय?"

"आहे. पण ते खात्याचं आहे. तुझ्याकडं वापरायला दिलंय."

हसू नका. नियमात अर्थ आहे, मी त्याच नियमांवर पोट भरलंय. चावी ज्याच्या हातात त्यानं शहराला चिथावलं तर उद्या टाकीवर दगड पडतील आणि तो बापूच्याच डोक्यात बसेल. पण "आज पाणी नाही" एवढं सांगणं म्हणजे टीका, हे काही मला पटत नव्हतं.

बापूला मात्र नियमाशी देणंघेणं नव्हतं. त्याची भीती वेगळी होती.

"नाना, आमच्या सात पिढ्यांत एका जागी झोपलेला मी पहिला. छबूच्या बापानं खुलताबादेत सगळ्या भावकीसमोर सांगितलं व्हतं, पोरगी मेंढरामागं हिंडायला देणार नाय, नोकरीवाल्याला देणार. ती टाकीला दिलीय, मला नाय. टाकी गेली का ती बी जाईन."

"छबू तसं म्हणाली?"

"ती काय म्हणत नाय. तिचा बाप रोज फोन करून इचारतो, नोकरी हाय ना?"

तर असं होतं. मी खुलासा लिहून दिला. झालेल्या शब्दांबद्दल दिलगिरी, आणि यापुढं पाणीपुरवठ्याबाबत सोशल मीडियावर काही लिहिणार वा बोलणार नाही अशी हमी. बापूनं सही केली, ग्रुप सोडला. त्याचे कार्यकारी अभियंता मुळे साहेब यांनी प्रकरण तिथंच थांबवलं. मुळे साहेब माणूस वाईट नव्हता. वरून फोन आला की तो खाली फोन करायचा, एवढंच. त्याच्या खाली बापू होता आणि बापूच्या खाली थेट जमीन.

जाताना बापूनं विचारलं, "मग मोबाइलवर टाकू तरी काय?"

मी म्हणालो, "देवाचे फोटो टाक, नाहीतर गुराढोरांचे. त्यांच्यावर कोणी नोटीस काढत नाही."

हा सल्ला मी दिला होता हे रेकॉर्डवर कुठंही नाही. तुम्हीही कुठं बोलू नका.

आता कॉलनीची पंचाईत झाली. ग्रुपवर बापू नाही, फलकावर विश्वास नाही. बायकांनी सरळ फोन लावायला सुरुवात केली. सकाळी उठल्यापासून बापूचा मोबाइल असा वाजायचा की त्याची बॅटरी दाढी होईपर्यंत संपायची. सगळ्यांना एकच सांगून घसा बसला. कॉलनीत निकम बाई म्हणून शिक्षिका होत्या, त्यांनी तर रस्त्यात गाठलं. "बापू, तुम्ही बोलू नका. नुसती मान हलवा. येणार का?"

बापूनं मान हलवली. आणि तिथंच त्याच्या डोक्यात ते आलं.

प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर होताच, "बापू पाणी" या नावानं. म्हणजे बापूनं स्टेटस टाकलं की सगळ्यांना दिसणार. त्यानं भावाच्या कळपातले फोटो काढले. पाणी नाही त्या दिवशी स्टेटसला बसलेली मेंढी. संध्याकाळी येणार असेल तर चरणारी मेंढी. पाणी सुटलं की पाणी पिणारी मेंढी. पाइप फुटला की मेंढीची पाठमोरी बाजू. खाली एक अक्षर नाही. नानांनी सांगितलं होतं गुराढोरांचे फोटो टाक, त्यानं टाकले.

कोणी कोणाला समजावून सांगितलं नाही. आठवड्यात सगळ्या कॉलनीला मेंढीची भाषा यायला लागली. शाळेतली पोरं दप्तर टाकता टाकता ओरडायची, "आई, मेंढी उठली!" की बायका ड्रम उघडायला धावल्या. एका घरात मुलगी पाहायला पाहुणे आले होते; ऐन चहाच्या वेळी मेंढी पाणी प्यायली. मुलगी, मुलीची आई आणि पाहुण्यातल्या दोन बायका पदर खोचून मोटर लावायला गेल्या. लग्न जमलं. मला तिथलं जेवण होतं, त्यामुळं हे खरं आहे.

श्रावणापासून दिवाळीपर्यंत मेंढी एकदाही चुकली नाही. कशी चुकेल? चावी फिरवणारा आणि मेंढी टाकणारा एकच.

आणि मग आला पाडवा.

दिवाळीच्या पाडव्याला मेंढपाळांच्या घरी मेंढरांची पूजा असते. मेंढरं धुतात, रंगवतात, माळा घालतात, ओवाळतात. बापूनं रजा टाकली आणि फुलंब्रीला भावाकडं गेला. भावानं त्या साली नवा मेंढा घेतला होता. मेंढा कसला, घोडाच! सजवून उभा केला तर उत्तरेकडून येणाऱ्या एसट्या थांबून बघत होत्या. बापूचं मन भरून आलं. त्यानं मोबाइल काढला, फोटो घेतला, आणि पाडव्याचा आनंद म्हणून स्टेटसला टाकला.

इकडं कॉलनीत काय झालं? बसलेली मेंढी माहीत होती, चरणारी माहीत होती, पिणारी माहीत होती. पण रंगवलेला, माळ घातलेला, गुलाल लावलेला सबंध मेंढा? हा पहिल्यांदाच उगवला होता. क्षणभर सगळ्या बुचकळ्यात पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, अहो, दिवाळी नाही का? आज सगळ्यांना फुल प्रेशर!

मग काय विचारता. आठवडाभर जपून ठेवलेलं शिळं पाणी बायकांनी धडाधड ओतून दिलं. ड्रम घासले, टाक्या धुतल्या, अंगणं धुतली, सासऱ्यांना दोनदा आंघोळ घातली. येणारे टँकर फोन करून परत पाठवले. माळावरच्या गटारींना त्या दिवशी पूर आला होता, अशी आठवण लोक अजून काढतात. आणि सगळ्याजणी कोरडे ड्रम मांडून नळाकडं बघत बसल्या.

नळ नुसता फुसफुसला. पाळी त्यांची नव्हतीच.

त्याच कॉलनीत एक बंगला मुळे साहेबांचा होता. सव्वादोन मजली. वहिनींनी गच्चीवरची टाकी पार तळापर्यंत रिकामी करून आतून घासून घेतली होती. माहेरची माणसं जेवायला येणार होती. आली. पुरणपोळ्या झाल्या, हात धुवायला पाणी नाही. मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, तुम्ही पाणीखात्यातच आहात ना?"

हे वाक्य मुळे साहेबांच्या जिव्हारी लागलं. खातं शिव्या खातं, पेपरवाले शिव्या देतात, ते सोसता येतं. पण पाडव्याला, सासरच्यांसमोर!

दुसऱ्या दिवशी बापू निलंबित. निलंबन म्हणजे कामावर यायचं नाही, अर्ध्या पगाराएवढा भत्ता घ्यायचा आणि घरी बसून घाबरायचं. पाठोपाठ दोषारोपपत्र आलं. आरोप पहिला: जुना बोलून पाठवलेला मेसेज, म्हणजे गाडलेलं मढं पुन्हा उकरलं. आरोप दुसरा: लेखी हमी देऊनही मेंढीच्या चित्रांद्वारे शासकीय माहिती उघड करणे, जनतेची दिशाभूल करणे व प्रशासनाची बदनामी करणे. शिक्षेचा प्रस्ताव बडतर्फीचा.

बापू माझ्याकडं आला तो बसलाच नाही.

"सासरा आलाय, नाना. ओसरीवर बसलाय. इचारतो, टाकी हाय का गेली? छबू चुलीपाशी बसलीय, ना हो म्हणती ना नाय."

"त्याला सांग, टाकी आहे. नाना चढलेत वर."

सांगितलं खरं. पण मला काही सुचत नव्हतं. पहिला आरोप तर आम्ही खुलाशात कबूलच केला होता. दुसरा टिकला तर दोन्ही मिळून माणूस बाहेर.

तर चौकशीच्या दिवशी आम्ही सगळे त्या खोलीत. सिद्दीकी मॅडम निवृत्त महसूल अधिकारी, बाहेरून नेमलेल्या. अख्खा जिल्हा त्यांच्या एका "हौ" ला, म्हणजे साध्या होकारालाही, घाबरायचा. तुपे साहेब उपअभियंता, सादरकर्ता अधिकारी, म्हणजे खात्याची बाजू मांडणारे. टेबलावर मेंढ्यांचे इतके रंगीत फोटो पसरलेले की खोलीला लोकरीचा वास यायला लागला होता.

मी सुरुवातीलाच हुकमी पान टाकलं. नियमात एक सवलत आहे: लिखाण किंवा प्रकाशन निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय असेल तर परवानगी लागत नाही. मी म्हणालो, "मॅडम, हे छायाचित्र म्हणजे कला आहे. रंगसंगती बघा. शिंगांची वळणं बघा. मेंढ्याच्या डोळ्यांतली ती उदासी बघा."

मॅडमनी बापूकडं पाहिलं. "बापू, ये कला है?"

"कसली कला, मॅडम. मोबाइल पुढं धरला आन दाबला."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो पाय तुपे साहेबांचा निघाला.

"मग टाकला का?" मॅडमनी विचारलं.

"पाडवा व्हता. मेंढा ग्वाड दिसत व्हता." बापू थांबला. "त्या दिशी मी रजेवर व्हतो, मॅडम. पाणीवाला नव्हतो. कोळेकराच्या घरचा व्हतो."

तुपे साहेब पाय चोळत उठले. "मॅडम, नियमानुसार कर्मचारी चोवीस तास शासनाचा नोकर असतो. रजेवर असला तरी."

"अच्छा? नोकर चोवीस तास, और पानी आठ दिन में एक बार?"

तुपे साहेब बसले.

त्यानंतर खात्याचे मुख्य साक्षीदार आले, मुळे साहेब. त्यांनी सगळं ठणकावून सांगितलं. मग माझी उलटतपासणी. म्हणजे समोरच्याच्या साक्षीदाराला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून आपल्याला हवं ते काढायचं. मी सकाळी घरी आरशासमोर सराव करून आलो होतो. आरसा तडकला, पण तयारी झाली.

"मुळे साहेब, फोटोत काय आहे?"

"मेंढा."

"पाण्याचा थेंब?"

"नाही."

"खात्याचं नाव? तुमचं नाव? धोरण, निर्णय, हुकूम?"

"नाही, पण नाना, त्याचा अर्थ..."

"अर्थ कोणी सांगितला तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. मेंढी बसली की पाणी नाही, पाणी प्यायली की आलं."

"आणि यायचं?"

मुळे साहेबांनी तुपे साहेबांकडं पाहिलं. तुपे साहेब छताकडं पाहत होते.

"यायचं," मुळे साहेब म्हणाले.

"चुकलं कधी?"

"पाडव्याला."

"त्याआधी?"

"...नाही."

"आपल्या फलकावरचं वेळापत्रक कितीदा चुकलं?"

"मॅडम, हा प्रश्न गैरलागू आहे!" तुपे साहेब ओरडले.

"लागू है," मॅडम म्हणाल्या. "बोला, मुळे साहेब."

"पंपाला लाइट नसायची, नाना. तुम्हाला तर माहीत आहे. मग वेळापत्रक कसं पाळणार?"

"माहीत आहे ना! म्हणून तर विचारत नाही. पुढं चला. मेंढीचा अर्थ तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"श्रावणापासून असेल."

"तुम्ही बापूचे वरिष्ठ. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला. त्याला एखादा मेमो काढलात? तोंडी सांगितलंत, की बापू, मेंढी खाली उतरव?"

मुळे साहेब टेबलावरचे फोटो सरळ रांगेत लावायला लागले.

"साहेब, मी अडाणी माणूस, मला समजावून सांगा. मेंढी म्हणजे पाणी हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही चालू दिलंत, तर तुमची संमती होती. आणि ठाऊक नव्हतं म्हणत असाल, तर मेंढी ही मेंढीच आहे. ती इथं टेबलावर कशाला?"

मुळे साहेबांच्या कपाळावर घाम आला. खरं सांगतो, मला त्यांची दया आली. तेवढ्यात मॅडमनी चष्मा पुसत अगदी मायेनं विचारलं, "घरात स्टेटस कोण बघतं, मुळे साहेब?"

"मिसेस," ते म्हणाले. मग अंगातली हवा गेल्यासारखे खुर्चीत टेकले. "मॅडम, रोज सकाळी चहाबरोबर मला सांगायची. आज बसलीय. आज उठली. मीसुद्धा त्यावरच आंघोळीचं ठरवायचो. फलकावर माझीच सही असते, पण फलक बघायला घरात वेळ कोणाला आहे?"

मॅडमनी ओढणी तोंडाला लावली. खांदे हलत होते. तुपे साहेबही हसले. बापू तेवढा हसला नाही. तो मॅडमच्या पेनकडं बघत होता.

पंधरवड्यानं अहवाल आला. मॅडम हसल्या म्हणून सोडून देतील अशा नव्हत्या. पहिला आरोप सिद्ध धरला. त्यांनी लिहिलं होतं, आज पाणी नाही एवढं सांगणं ही माहिती. साहेबांची झाडं दमली, हा टोमणा. चावी हातात असलेल्या माणसानं असा टोमणा हजारो लोकांत मारायचा नाही, तक्रार असेल तर वर लेखी द्यायची. शिक्षा: ठपका. ठपका म्हणजे सगळ्यात हलकी शिक्षा. सेवापुस्तकात एक ओळ, पोटाला चिमटा नाही.

दुसरा आरोप सिद्ध होत नाही. मेंढ्याबद्दल त्यांनी एकच वाक्य लिहिलं: कर्मचाऱ्याने सणाच्या दिवशी घरच्या जनावराचा फोटो लावणे हे गैरवर्तन नाही, पाणी कधी येणार हे नागरिकांना मेंढीवरून कळावे लागणे, याचा विचार खात्याने करावा.

निलंबन उठलं. बापू परत व्हॉल्ववर गेला त्या दिवशी सासरा स्वतः चावी खांद्यावर घेऊन त्याच्यामागं चालला होता. लोकांना सांगत होता, "जावई टाकीवाला हाय आमचा." छबूनं मला जेवायला बोलावलं. मी वाढत्या वयात कमी खातो. तरी त्या दिवशी भाकरी संपल्यावर शेजारून मागवाव्या लागल्या.

खात्यानंही विचार केला. अधिकृत ग्रुप काढला आणि त्यावर मेसेज टाकायचं काम लेखी हुकमानं बापूलाच दिलं, पण मजकूर ऑफिसचा. पहिला मेसेज असा: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव नियोजित पाणीपुरवठा अंशतः प्रभावित होण्याची शक्यता नाकारता येत नाही." खाली निकम बाईंचा प्रश्न: "बापू, म्हणजे मेंढी बसलीय का उठलीय?"

दुसऱ्या साली पुन्हा दिवाळी आली. बापू पोळला होता. त्यानं माझ्याकडून रीतसर अर्ज लिहून घेतला: पाडव्यानिमित्त घरच्या मेंढ्याचा सजवलेला फोटो वैयक्तिक स्टेटसला लावण्यास पूर्वपरवानगी मिळावी. अर्ज झोन ऑफिसमधून निघाला, टेबलाटेबलावर मुक्काम करत मुळे साहेबांपर्यंत गेला. साहेबांनी तो घरी नेला असावा असा माझा अंदाज आहे, कारण शेरा विचार करून लिहिलेला होता:

"परवानगी देण्यात येत आहे. मात्र त्या दिवशी सदर कॉलनीस पूर्ण दाबाने पाणी सोडण्याची दक्षता घ्यावी."

पाडव्याला सकाळी मेंढा झळकला, आणि तासाभरात नळ असे सुटले की लोकांच्या हातातल्या बादल्या मागं ढकलल्या गेल्या. एरवी आधी पाणी ठरायचं आणि मग मेंढी. त्या दिवशी आधी मेंढा ठरला आणि पाणी मुकाट्यानं त्याच्या मागं आलं.

सरकारी नोकरानं काय बोलू नये, यावर माझ्याकडं तीन जाड पुस्तकं आहेत. लोकांना वेळेवर काय सांगावं, यावर मात्र अजून एकही मिळालेलं नाही. तोवर स्टेटस बघत चला.